जाळीकामाची बैठक आणि पायाचा स्विच

लाकडात जाळी कापण्याच्या धंद्यात मशीनची चर्चा पुष्कळ होते. मोटर किती वॉटची, पाते कुठल्या नंबरचे, पात्यापासून मागच्या खांबापर्यंत जागा किती इंच, हे सारे आमचा कारागीर दहा दुकाने फिरून विचारतो. मग मशीन घरी येते, एखाद्या जुन्या टेबलावर चढते, खाली प्लॅस्टिकचा स्टूल ओढला जातो आणि काम सुरू होते. बसायचे कसे आणि स्विच कुठे असावा, याची चौकशी कोणी करत नाही. काही वर्षांनी मान आखडते, कमरेला पट्टा लागतो आणि दोष वयाला दिला जातो. वास्तविक पाहता त्यातला बराचसा दोष त्या स्टुलाचा असतो.

आम्ही कापडाच्या व्यापारातले. लाकूड हा आमचा प्रांत नव्हे. परंतु शिलाईच्या कारखान्यांशी आमचा तीस वर्षांचा व्यवहार आहे, आणि ज्याला स्क्रोल सॉ म्हणतात ते मशीन शिलाई मशीनचेच भावंड आहे. तिथे सुई एका जागी वरखाली होते आणि दोन्ही हात कापड फिरवतात. इथे पाते एका जागी वरखाली होते आणि दोन्ही हात लाकूड फिरवतात. शिलाईच्या धंद्याने हात आणि पाय यांची कामे फार पूर्वीच वाटून टाकली. सिंगर यांनी अमेरिकेत 1851 साली ज्या मशीनचे पेटंट घेतले, त्याच्याबरोबर पायाने चालवण्याची रीत रूढ झाली. त्या शतकात नक्षी कापण्याच्या करवतीही पायाने चालत. पुढे वीज आली. शिलाईवाल्यांनी मोटर बसवली तरी ताबा पायातच ठेवला. करवतीत मात्र पाय रिकामा झाला आणि स्विच मशीनच्या अंगावर, म्हणजे हाताच्या वाट्याला गेला. आमच्या मते ही उलटी वाटणी झाली.

उलटी का, ते पाहा. सहारनपूरच्या शिसमाच्या जाळ्या देशभर जातात. रेहाल असो, दिव्याचे कव्हर असो की घडीचा पडदा, जाळी म्हटली की तिला आतली छिद्रे आलीच. प्रत्येक छिद्रासाठी आधी ड्रिलने भोक पाडायचे, पात्याचे वरचे टोक सोडायचे, ते भोकातून ओवायचे, पुन्हा कसायचे, मशीन चालू करायचे, आकार कापायचा, बंद करायचे, पाते सोडवायचे. साठ छिद्रांची एक जाळी धरा. एकशे वीस वेळा स्विच. दिवसाला अशा आठ जाळ्या केल्या तर जवळजवळ हजार वेळा हात लाकडावरून उठून स्विचकडे जातो आणि परत येतो. वेळ तर जातोच. पण लाकडावरचा एक हात उठला की दुसरे संकट उभे राहते. पात्याचे दात खाली तोंड करून असतात, वर जाताना पाते लाकडाला सोबत उचलू पाहते. अशा वेळी एकच हात लाकडावर असला तर लाकूड टेबलावर धडधडते, जाळीची बारीक काडी तुटते किंवा पाते तुटते. छपन्न छिद्रे झाल्यावर काडी तुटली तर आधीची सारी मेहनत गेली. मजुरी नगावर असते, काडीवर नव्हे.

यास्तव स्विच पायाखाली असावा. इलेक्ट्रिकच्या दुकानात फूट स्विच या नावानेच तो मिळतो. तो भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि मशीनचा प्लग त्याच्यात. पण घेताना कोणता घेता हे बघा. एका जातीचा स्विच एकदा दाबला की चालू आणि पुन्हा दाबला की बंद. दुसऱ्या जातीचा पाय दाबून ठेवला तोवरच चालू, पाय उचलला की बंद. पहिला पायाला आराम देतो म्हणून विक्रेता तोच पुढे करतो. आम्ही सांगू की दुसराच घ्या. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. ती गेली, तुम्ही तेवढ्यात पाते ओवायला बसलात, आणि अचानक वीज आली, तर पहिल्या जातीच्या स्विचवर मशीन आपोआप सुरू होईल आणि बोटे पात्यावरच असतील. दुसऱ्या जातीत पाय वर आहे तोवर वीज आली काय नि गेली काय, पाते हलत नाही.

काही मशीनवर हिरवे-लाल बटण असते, वीज गेली की ते सुटते आणि पुन्हा हिरवे दाबल्याशिवाय मशीन चालत नाही. ही सोय उत्तम आहे, पण अशा मशीनला पायाचा स्विच जुळत नाही. तपासायचे कसे? मशीन चालू करा, हात दूर ठेवा, भिंतीवरचे बटण बंद करून परत लावा. मशीन स्वतःहून फिरले तर पायाचा स्विच चालेल. फिरले नाही तर आतले बटण काढून तारा जोडून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करा आणि मशीन आहे तसे वापरा.

आमच्या शिलाईवाल्यांच्या ओळखीने काही जण घरगुती शिलाई मोटरचे पेडल आणून करवतीला जोडतात. हे करू नये. ते पेडल वेग कमी-जास्त करणारे असते. ज्या करवतीला वेगाची स्वतःची घुंडी आहे, तिला वीज पूर्ण तरी मिळावी किंवा मुळीच मिळू नये. अर्धवट विजेवर मोटर तापते. आणखी एक गोष्ट. स्विचला तीन तारांची केबल असावी. दोन तारांच्या स्वस्त स्विचमध्ये अर्थिंग तिथेच तुटते, मग मशीनच्या लोखंडी अंगाला करंट उतरला तर तो कारागिराच्या अंगातून जातो.

आता बैठक. स्टुलावर ताठ बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. करवतीचे टेबल कोपराच्या उंचीला हवे, फार बारीक नक्षी असेल तर दोन-तीन इंच वर, म्हणजे मनगटाचा मागचा भाग टेबलावर टेकतो आणि खांद्यावर भार येत नाही. टेबल याहून खाली असले की माणूस रेघ बघायला वाकतो, आणि वाकलेली मान दिवसभर डोक्याचे ओझे धरून राहते. बरेच कारागीर त्यावर एक सोपी तोड करतात, ती आम्हाला पटली. मशीनच्या मागच्या पायांखाली लाकडी पाचर ठोकून सगळे मशीनच थोडे पुढे कलवायचे. मग टेबल डोळ्यांकडे तोंड करते, मान सरळ राहते. मशीन बोल्टने पक्के करावे, नाहीतर थरथरीने पुढे सरकत येईल.

स्टूल चाकाचा नको. पेडल दाबताना चाकाचा स्टूल मागे पळतो. हात टेकायच्या दांड्याही नकोत, लाकूड फिरवताना त्या कोपराला अडतात. स्टूल उंच असेल तर पायाखाली फळी द्या. इथे एक बारीक मुद्दा आहे, जो शिलाईचे उस्ताद आपल्या शागिर्दाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. एक पाय पेडलवर आणि दुसरा जमिनीवर, यात उंचीचा फरक पडला की कंबर दिवसभर एका बाजूला तिरपी राहते. तेव्हा दुसऱ्या पायाखाली पेडलच्याच जाडीची फळी ठेवावी. टाच टेकलेली असावी, नुसत्या चवड्याने दाबावे. दुपारनंतर पेडल दुसऱ्या पायाकडे सरकवले तर आणखी चांगले. पेडलखाली रबराचा तुकडा चिकटवा, नाहीतर पाय त्याला शोधत बसेल.

पण आपले कितीतरी कारागीर जमिनीवर बसून काम करतात, त्यांचे काय? मांडी घातली की पाय पेडलला मोकळा राहत नाही. याचे उत्तर आमच्या विणकर मोमीन बांधवांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. खड्ड्याच्या मागावर विणकर बसतो जमिनीच्याच पातळीला, पण पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि पावड्या पायाने चालवतो. हात सुतावर, पाय पावडीवर, कंबर सरळ. करवतीसाठी हेच करावे, फक्त जमीन खणू नये, कारण खड्ड्यात ओल येते आणि इथे विजेचा स्विच आहे. दीड फूट उंच फळ्यांचा ओटा करावा, त्याच्या पुढच्या भागात पाय सोडण्यापुरती जागा मोकळी ठेवावी, पेडल तळाशी कोरड्या फळीवर. कारागीर गादीवर बसेल, सवयही मोडणार नाही.

हा खर्च कोणी करावा? नगावर माल घेणारे आमचे व्यापारी बांधव कारागिराला लाकडासाठी उचल देतात, पात्यांसाठी देतात. स्टूल आणि पेडल त्या यादीत घालायला आम्हाला अडचण दिसत नाही. दोन्ही मिळून मशीनच्या किमतीपुढे किरकोळ रक्कम होते, आणि तुटलेल्या काड्या कमी झाल्या तर पहिला फायदा माल वेळेवर मिळणाऱ्या व्यापाऱ्याचाच आहे.

पाते बदलताना, म्हणजे ओवताना नव्हे तर नवे घालताना, प्लग काढावा. ओवताना पाय पेडलवरून काढून मागे घ्यावा, आणि वरून झाकण असलेले पेडल मिळाले तर तेच घ्यावे, म्हणजे खाली पडलेला लाकडाचा तुकडा त्यावर दाबला जाणार नाही. बहुतेक ठिकाणी कारखाना आणि घर एकच असते. काम संपले की पेडल सॉकेटमधून काढून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा खिळ्याला टांगावे.