एक जलाशय, दोन कामे

पूरनियंत्रण आणि सिंचन ही धरणाची दोन कामे आपण एका दमात उच्चारतो. भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने अभ्यास करताना मला मात्र असे दिसले की, ही कामे एकमेकांविरुद्ध जाणारी आहेत. पूर अडवायचा तर जलाशय रिकामा हवा. रब्बीला पाणी द्यायचे तर तो भरलेला हवा.

यावर उपाय म्हणजे जलाशयाची उंचीनुसार वाटणी. तळाचा मृतसाठा, त्यावर सिंचनाचा व विजेचा उपयुक्त साठा आणि सर्वांत वर पुरासाठी राखलेली मोकळी जागा. पूर आला की ही जागा भरावयाची व खालच्या पात्राला झेपेल इतकेच पाणी सोडून ती पुन्हा रिकामी करावयाची.

दामोदर नदीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९४३ च्या पुरात तिचा डावा बांध फुटून कलकत्त्याकडे जाणारे लोहमार्ग तुटले. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील टेनेसी खोरे योजनेचे अभियंते वूर्डुइन यांनी अनेक धरणांची योजना मांडली. दहा लाख क्युसेकचा महापूर अडीच लाखांवर आणणे हे तिचे उद्दिष्ट होते. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या बहुउद्देशीय योजनेचा पाठपुरावा केला. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. पण पहिल्या टप्प्यात तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) व पंचेत (१९५९) ही चारच धरणे झाली. शिवाय मैथन व पंचेत येथे पूर्ण पूरपातळीपर्यंतची जमीन संपादित झाली नाही. साहजिकच पुरासाठीची जागा आकसली आणि १९७८ मध्ये खालच्या खोऱ्याने पुन्हा मोठा पूर पाहिला.

असे का घडते? बंगालच्या उपसागरावरील वादळी पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरातही येतो आणि नेमका तेव्हाच रब्बीसाठी जलाशय भरून घेण्याची घाई असते. दुसरे कारण सामाजिक आहे. जमीन बुडते ती वरच्या गावांची, संरक्षण लाभते ते खालच्यांना. पूर न आलेल्या वर्षी मोकळी जागा वाया गेलेली वाटते. तिच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो.

म्हणून कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीपर्यंत चढू द्यावयाचे, हे आधीच ठरवून ते कटाक्षाने पाळले पाहिजे. तसेच वरच्या गावांचे पुनर्वसन हा नियोजनाचाच भाग मानला पाहिजे. जलाशयातील रिकामी जागा हीदेखील एक संपत्तीच आहे, असे मला वाटते.