मोटारीच्या चाकांतील हवा

गणेशचतुर्थीपूर्वीं लालबाग, परळ, गिरगांव व दादर येथील अनेक कुटुंबें मोटारीनें कोंकणांत जातात. गाडींत पांच माणसें, मागें सामानाचा ढीग. हा भार कोण पेलतो? रबरी टायर, असें विद्यार्थी म्हणतील. वस्तुतः तो मुख्यतः टायरांत कोंडलेली हवा पेलते. बेलफास्ट येथें डनलॉप यांनीं इ. स. १८८८ मध्यें मुलाच्या तीनचाकीस हवेचा टायर बसविला, तो याच तत्त्वावर.

आपण हिशेब करूं. भरलेल्या गाडीचें वजन १,५०० किलो, म्हणजे सुमारें ३,३०० पौंड. हवेचा दाब दर चौरस इंचास ३३ पौंड. भागाकार केला असतां १०० चौरस इंच येतात. चार चाकांत वांटले तर प्रत्येकीं २५. म्हणजे प्रत्येक चाक स्थूलमानानें पांच इंच लांब व पांच इंच रुंद एवढ्याच जागेवर टेकलेलें असतें!

हवा कमी पडली कीं टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकते. तार वारंवार वांकविली असतां तापते, तसाच टायरही तापतो आणि भर वेगांत फुटूं शकतो. समृद्धि महामार्ग डिसेंबर २०२२ मध्यें सुरू झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांनीं हा धडा महाराष्ट्रास दिला. उलट हवा अधिक झाली तर टायर मधोमध झिजतो व ओल्या रस्त्यावर पकड घटते.

मग योग्य दाब कोणता? तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत दिलेला असतो. पुष्कळदां थोड्या भारासाठीं एक व पूर्ण भारासाठीं दुसरा असे दोन आंकडे असतात. टायरवर कोरलेला आंकडा कमाल मर्यादेचा होय. तो येथें घेऊं नये.

दाब थंड टायरचाच मोजावा. एके वर्षीं आम्हीं लालबागेहून निघून पनवेलीस हवा तपासली. आंकडा वाढलेला पाहून आम्हीं हवा सोडविली. दुसऱ्या दिवशीं गांवीं थंड टायर मोजले, तों चारही टायरांत पांच पांच पौंड हवा कमी! घाटाचा रस्ता आम्हीं मुलाबाळांसह तशाच टायरांवर उतरलों होतों. चूक आमचीच. उष्णतामान १० अंश सेल्सिअसनें वाढलें कीं दाब सुमारें दीड पौंडानें वाढतो, हें आम्ही विसरलों होतों.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, महिन्यांतून एकदां व प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वीं, घराजवळच्याच पंपावर, जादा चाकासह पांचही टायर मोजून घ्यावयास वडीलमंडळींस सांगा. नुसत्या नजरेनें अंदाज करूं नका. दहा पौंड हवा कमी असलेला टायरही डोळ्यांस पुष्कळदां भरलेलाच दिसतो.