भाड्याचे घर शोधताना

समजा, नागपूरहून मुंबईस बदली झालेले एक गृहस्थ कुटुंबासाठी बदलापुरात घर पाहत आहेत. शहरापेक्षा भाडे कमी आणि जागा ऐसपैस, म्हणून अनेकांची पावले अशा उपनगरांकडे वळतात. मात्र अनामतीपोटी साठवलेली पुंजी एकदम दुसऱ्याच्या हाती द्यावयाची असल्याने येथे घाई महागात पडते.

जागेची पारख

घर एकदा रविवारी निवांतपणे आणि एकदा कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी पाहावे. स्थानकापर्यंतचे अंतर दलालाच्या मिनिटांनी नव्हे, स्वतःच्या पायांनी मोजावे. नळाला पाणी केव्हा व किती वेळ येते, हे शेजाऱ्यांना विचारावे. बदलापूर उल्हास नदीकाठी वसले आहे. जुलै २००५ आणि जुलै २०१९ मध्ये तेथील सखल भागांत पुराचे पाणी शिरले होते. म्हणून तळमजल्याचे घर घेण्यापूर्वी पाणी कोठवर चढले होते, याची चौकशी अगत्याने करावी.

मालकीची खात्री

घर दाखवणारा मालकच असतो असे नाही. मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि खरेदीखताची सूची क्रमांक २ यांवरील नावे ताडून पाहावीत. घर दोघांच्या नावे असल्यास करारावर दोघांच्याही स्वाक्षऱ्या घ्याव्यात. त्यापूर्वी 'टोकन' म्हणूनही मोठी रक्कम देऊ नये.

कराराची नोंदणी

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणीकृत करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट, लीव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास कलम २४ नुसार दुप्पट शुल्क भरावे लागू शकते. इतर राज्यांतील नियम निराळे असल्याने तेथे स्वतंत्र चौकशी करावी.

मुद्रांक शुल्काचा हिशेब सोपा आहे. भाडे दरमहा १२,५०० रुपये, मुदत १२ महिने आणि परत मिळणारी अनामत १ लाख रुपये धरू. वर्षाचे भाडे १,५०,००० आणि अनामतीवर दरसाल १० टक्के दराने धरलेले व्याज १०,००० मिळून १,६०,००० रुपये होतात. त्यावर ०.२५ टक्के दराने शुल्क होते ४०० रुपये. नगरपालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये आहे. लाखाच्या सुरक्षिततेसाठी हा खर्च नगण्यच म्हणावा लागेल.

पैशांचा व्यवहार

अनामत व भाडे धनादेशाने अथवा थेट बँक खात्यातून द्यावे, म्हणजे प्रत्येक रकमेचा पुरावा आपोआप तयार होतो. अनामत किती दिवसांत परत मिळेल, रंगकामाचा व दुरुस्तीचा खर्च कोणाचा, सूचनेचा कालावधी किती आणि संस्थेचे शुल्क कोण भरणार, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. प्रवेशाच्या दिवशी भिंती, नळ व उपकरणे यांची छायाचित्रे काढावीत आणि वीजमापकाचा आकडा टिपून ठेवावा.

घर सोडण्याचा दिवस प्रवेशाच्या दिवशीच डोळ्यांसमोर ठेवला, तर निरोप गोड होतो आणि पुंजीही शाबूत राहते.