ट्युनिसची बिनशिवणीची टोपी

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांनी ट्युनिशियाहून लाल टोपी आणली आहे. मऊ आहे, घडी होते, पण आतून-बाहेरून शोधूनही शिवण सापडत नाही. हे कापड शिवलंय तरी कसं? – एक वाचक, मिरज

उत्तर : शिवलेलंच नाही. ही 'शाशिया', विणलेली टोपी. ट्युनिस शहराला लागून असलेल्या आरियाना भागात बायका घरबसल्या पांढऱ्या लोकरीची ती सुयांवर गोल विणत आल्या आहेत. गोल विणल्यावर शिवण यायची कुठून? मात्र सुयांवरून उतरते ती टोपी कमी आणि पिशवी जास्त : सैल, लोंबती, डोक्यापेक्षा कितीतरी मोठी.

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुऊन ज्यांनी वाया घालवलाय, त्यांना पुढचं लगेच कळेल. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि भरपूर चोळामोळा झाला की ते एकमेकांत अडकतात, विणकाम आटतं आणि टाके दिसेनासे होतात. आपल्याकडे फजिती, तिथे हुन्नर! हे काम मेजेर्दा नदीकाठच्या अल-बतान गावात होई. मग काटेरी बोंडांनी घासून लव वर काढायची. रंगवायला टोपी जाई झगवान गावाला, कारण रंगाऱ्यांचा भरवसा तिथल्याच पाण्यावर. याच झगवानचं पाणी रोमन लोकांनी कालवा बांधून कार्थेजला नेलं होतं. शेवटी ट्युनिसला परत येऊन साच्यावर आकार देणं आणि लव कातरणं. एका टोपीला एवढी वणवण कशाला, असं वाटेल. पण पाणी जिथे चांगलं तिथे माल न्यायचा, हा रोकडा हिशेब होता.

धंद्याला बरकत आली ती स्पेनमुळे. तिथल्या राजाने 1609 पासून मोरिस्को लोकांना, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, हाकलून दिलं. त्यातले पुष्कळ जण ट्युनिशियात उतरले आणि कसब, पेढीची अक्कल बरोबर घेऊन आले. ट्युनिसच्या जुन्या शहरात टोपीवाल्यांचा स्वतंत्र बाजार आजही आहे. पुढे युरोपातल्या कारखान्यांच्या स्वस्त टोप्यांनी गिऱ्हाईक पळवलं, आणि 1925 मध्ये अतातुर्क यांनी तुर्कस्तानात शाशियाच्याच नात्यातल्या फेझ टोपीवर बंदी घातली. तरी लिबिया आणि नायजेरियाकडचं गिऱ्हाईक टिकलं.

इस्तंबूलची ती फेझ ताठ, गोंडेवाली. तिची मात्र घडी घालायला जाऊ नका.