आवाजाची राखण

लिहिलेला शब्द कागदावर राहतो. बोललेला शब्द मात्र उच्चारताच हवेत विरून जातो. हजारो वर्षे मनुष्याचा आवाज त्याच्याबरोबरच लोप पावत असे. १८७७ साली अमेरिकेत टॉमस एडिसन याने फोनोग्राफ नावाचे यंत्र तयार केले आणि एकदा उमटलेला आवाज पुन्हा ऐकता येऊ लागला. आज हेच काम करणारा ध्वनिमुद्रक खिशात मावेल एवढा लहान झाला आहे. लोकगीतांचे संग्राहक, भाषांचे अभ्यासक आणि पक्ष्यांचे निरीक्षक तो बरोबर घेऊन रानोमाळ हिंडतात. परंतु आवाज टिपला म्हणजे तो राखला, असे मात्र नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचेच उदाहरण पाहा. पहाटे दळण दळताना आपल्या आज्या-पणज्या सासर-माहेर, भाऊ-बहीण, पंढरीचा विठ्ठल, शेतातले कष्ट आणि मनातले दुःख हे सारे ओवीत गुंफीत असत. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत पडली आणि ओव्याही विसरल्या जाऊ लागल्या. अशा वेळी हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवां या अभ्यासकांनी खेड्यांतील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि स्त्रियांच्या तोंडून शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. ओवीचे शब्द वहीत उतरवता येतात. पण तिचा संथ सूर, जात्याची घरघर आणि मध्येच दाटून आलेला कंठ वहीत कसा उतरणार?

पॉइटवां २००४ साली आणि हेमाताई २०१० साली निवर्तल्या. गाणाऱ्यांपैकी काही जणीही आज हयात नाहीत. तरीही त्यांचे आवाज आहेत. कारण त्या मुद्रणांच्या प्रती भारतात आणि फ्रान्समध्ये जपून ठेवल्या गेल्या. २०१७ सालापासून त्या ओव्या इंटरनेटवर कोणालाही ऐकता येतात.

याच्या उलट गोष्ट ब्राझील देशातील आहे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाला भीषण आग लागली. तेथे आदिवासी भाषांची अनेक वर्षांची ध्वनिमुद्रणे होती. त्यांतील काही भाषा बोलणारे एकही माणूस पृथ्वीवर उरले नव्हते. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या, तेवढीच मुद्रणे वाचली. बाकीच्यांची राख झाली.

आपल्याकडेही असा प्रसंग पूर्वी घडला होता. महानुभाव पंथाच्या परंपरेनुसार 'लीळाचरित्र' या आद्य गद्यग्रंथाची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली. तेव्हा अनुयायांनी पाठ असलेल्या लीळा आठवून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. शब्द असे स्मरणातून परत आणता येतात. गेलेला आवाज मात्र कोणाच्याही स्मरणातून परत येत नाही. म्हणून त्याच्या नकला आधीच करून ठेवाव्या लागतात.

हे काम कसे करतात? ध्वनिमुद्रक सामान्यतः एका सेकंदात ४८,००० वेळा ध्वनीचे मापन करतो आणि ती मापे अंकांच्या रूपाने नखाएवढ्या मेमरी कार्डावर लिहितो. उत्तम प्रतीच्या एका तासाच्या मुद्रणात अशा अंकांचे एक अब्जाहून अधिक बाइट भरतात. एवढे भांडार त्या इवल्याशा कार्डात असते. ते हरवले, वाकले किंवा चुकून पुसले गेले, की दिवसभराचे श्रम व्यर्थ जातात.

म्हणून ज्याप्रमाणे शेतकरी खळ्यावरचे धान्य रात्री उघड्यावर टाकीत नाही, त्याप्रमाणे चांगला संग्राहक त्याच दिवशी कार्डावरील फाइली संगणकात उतरवून घेतो. तेथून तो त्यांची एक नकल वेगळ्या हार्ड डिस्कवर करतो आणि आणखी एक नकल दुसऱ्या गावी ठेवतो. एकाच घरातील तीन प्रती एकाच पुरात वाहून जातील. सारे बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, ते याचसाठी.

नकल शुद्ध झाली की नाही, हेही पाहावे लागते. संगणक फाइलमधील सर्व अंकांवर ठराविक गणित करून एक लहानशी खूण काढतो. मूळ फाइलची आणि नकलेची खूण तंतोतंत जुळली, तर नकल बिनचूक समजावी. एक अंक जरी बदलला, तरी खूण बदलते. ही पडताळणी झाल्यावरच कार्ड पुसावे, आधी नव्हे.

फाइलीला नावही नीट द्यावे. तारीख, गाव आणि अनुक्रमांक त्यात असावेत. वहीत गाणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि त्याची संमती यांची नोंद करावी; कारण कोणाचा आणि कोठला, हे न कळणारा आवाज असून नसल्यासारखा होतो. डिस्कही कालांतराने बिघडतात, म्हणून काही वर्षांनी नव्या साधनावर पुन्हा नकल करावी लागते. राखणीचे काम कधी संपत नाही.

एखादी आजी आपल्यापुढे गाते, तेव्हा ती जन्मभर जपलेला ठेवा विश्वासाने आपल्या हाती देते. तो एकाच ठिकाणी ठेवून निष्काळजी राहणे हा त्या विश्वासाचा अनादर होय. मुलांनो, तुमच्याही घरी अशी ओवी, गोष्ट किंवा आठवण सांगणारे कोणी असेल. त्यांची अनुमती घेऊन ती अवश्य टिपून ठेवा. आणि टिपल्यावर त्याच संध्याकाळी तिची नकल करावयास विसरू नका.

स्वाध्याय

१. जात्यावरच्या ओव्या मागे का पडू लागल्या?
२. शब्द आणि आवाज यांच्या जतनात लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
३. तिन्ही प्रती एकाच घरात का ठेवू नयेत?
४. वाक्यात उपयोग करा : विरून जाणे, लोप पावणे, कंठ दाटून येणे.
५. घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एक ओवी किंवा गोष्ट ऐका. ती कोणी, कोठे व केव्हा सांगितली, याची नोंद वहीत करा.