आपण मनात कोणाशी बोलतो?

शास्त्रपाठ : १ शमुवेल २६:२१ ते २७:१२ आणि ३०:१-८. सोबत स्तोत्रे ४२ व ४३ वाचावीत.

रविवारच्या शाळेच्या लहान वर्गात चित्र रंगवीत बसलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलाकडे पाहा. 'आता लाल... नको, इथं हिरवा...' असे त्याचे पुटपुटणे चालूच असते. ते कोणालाही उद्देशून नसते. शिक्षिकेला वाटते, मूल गडबड करीत आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी या पुटपुटण्याचा अभ्यास केला. हे बोलणे वयाबरोबर नाहीसे होत नाही, ते आत जाते, असे त्यांचे म्हणणे होते. आई जे मोठ्याने सांगते ते मूल प्रथम स्वतःला मोठ्याने सांगते, मग हळू, आणि शेवटी ओठ न हलविता. म्हणून अशा मुलाला गप्प करू नये. आपण त्याला आज ज्या शब्दांनी बोलतो ते शब्द उद्या त्याच्या आत बोलणार आहेत, ही गोष्ट मात्र शिक्षकांनी ध्यानात ठेवावी.

हे आतले बोलणे फार तुटक असते, असेही व्हिगॉट्स्की म्हणतात. पूर्ण वाक्य बोलण्याची गरज नसते, कारण ऐकणाराही आपणच. (सर्वांच्याच मनात शब्द असतात असेही नाही, काहींचा विचार अधिक चित्रांनी चालतो.) आणि पूर्ण बोललेच जात नाही म्हणून ते तपासलेही जात नाही. आता दावीदाकडे वळू.

सत्ताविसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात दावीद मनात काही बोलतो. मूळ इब्री शब्दांचा अर्थ पाहिला तर तो आपल्या हृदयाला सांगतो. काय सांगतो? एक ना एक दिवस शौलाच्या हातून आपला नाश होणार. तेव्हा पलिष्ट्यांच्या मुलखात निघून जावे हे बरे. मग शौल आपला नाद सोडील. आता याच्या अगदी आधीचे वचन पाहा. तेथे खुद्द शौलच दावीदाला आशीर्वाद देऊन तू यशस्वी होशील असे सांगत आहे. त्यापूर्वी योनाथानाने तेच सांगितले होते, अबीगईलनेही सांगितले होते. इतक्या जणांचे मोठ्याने बोललेले शब्द एका बाजूला, आणि मनातले एक वाक्य दुसऱ्या बाजूला. जिंकले ते मनातले.

दावीदाला आम्ही दोष देत नाही. वर्षानुवर्षे रानोमाळ पळणाऱ्या, सहाशे माणसे व बायकामुले सांभाळणाऱ्या माणसाचे मन थकणारच. शिवाय त्याचा हिशेब अर्धा खरा ठरला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो गथास गेल्याचे ऐकून शौलाने खरोखरच त्याचा पाठलाग सोडला. मनातल्या बोलण्याचा धोका हाच असतो. ते निखालस खोटे क्वचितच असते.

पण त्या अर्ध्या खऱ्याची किंमत मोठी पडली. एक वर्ष चार महिने तो पलिष्ट्यांच्या देशात राहिला. स्वाऱ्या करी, मागे कोणाला जिवंत ठेवीत नसे, आणि आखीश राजाला खोटे सांगे. शेवटी स्वतःच्याच लोकांविरुद्ध लढावयास निघण्याची पाळी आली. पलिष्टी सरदारांनी संशय घेऊन त्याला परत पाठविले म्हणून ते टळले. पूर्वी कईला गावी असताना तो पावलोपावली देवाला विचारी. पलिष्ट्यांच्या देशातील या काळात, सिकलाग जळेपर्यंत, त्याच्या प्रार्थनेचा एकही उल्लेख नाही. बोलणे बंद नव्हते. ते फक्त स्वतःशी चालले होते.

आमचा एक अनुभव सांगतो. कापणीच्या सणाच्या जमाखर्चावरून मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंशी आमचे बिनसले. पुढे जवळजवळ दोन वर्षे आम्ही त्यांच्याशी रोज भांडत होतो. आंघोळ करताना, सायकलवरून जाताना, कधी उपदेश चालू असताना. त्यांची उत्तरेही आम्हीच देत होतो, आणि ती नेहमी वाईटच असत. अखेर त्यांच्या आजारपणात भेटीस गेलो. ते म्हणाले, "तुम्ही यायचे थांबलात, मी समजलो माझंच काही चुकलं." ते वाक्य आमच्या दोन वर्षांच्या संभाषणात एकदाही आले नव्हते.

बेचाळिसावे व त्रेचाळिसावे स्तोत्र अनेक जुन्या इब्री हस्तलिखितांत एकच आहे. त्यातील मनुष्यही आपल्या जिवाशीच बोलतो, पण त्याची रीत निराळी. तो जिवाला दटावीत नाही आणि त्याचे मुकाट्याने ऐकूनही घेत नाही. तू इतका खचलास का, असे विचारतो. हाच प्रश्न तीन वेळा येतो. तिसऱ्या वेळीही बाहेरची परिस्थिती बदललेली नाही. आणि या प्रश्नांच्या मधल्या ओळींत तो सतत देवाकडे वळून बोलत असतो. तक्रारसुद्धा देवाजवळच करतो.

एक सूचना येथेच. कोणाला बाहेरून आल्यासारखे आवाज ऐकू येत असतील, ते घाबरवीत असतील किंवा स्वतःला वा दुसऱ्याला इजा करावयास सांगत असतील, तर तो विश्वासाचा कमकुवतपणा समजू नये. अशा व्यक्तीला प्रेमाने व लवकर डॉक्टरांकडे न्यावे.

मोठ्या वर्गासाठी असे करून पाहावे. दावीदाचे मनातले वाक्य फळ्यावर पूर्ण लिहावे. खाली, त्याला कोणी कोणी काय सांगितले होते ते मुलांकडून शोधून घ्यावे. मग प्रत्येकाने आपले एखादे मनातले वाक्य कागदावर पूर्ण लिहावे. ते वाचून दाखविण्याचा आग्रह नको. त्यानंतर तिसावा अध्याय वाचावा. सिकलाग जळाले आहे, बायकामुले धरून नेली आहेत, स्वतःचीच माणसे दावीदाला दगडमार करण्याची भाषा बोलत आहेत. तेथे तो परमेश्वराच्या ठायी धीर धरतो आणि अब्याथार याजकाला एफोद आणावयास सांगतो. एफोद आल्यावर तो देवाला काय विचारतो, तेवढे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. दोनच लहान प्रश्न आहेत.