खासगी गाईड घ्यावा का?

प्रश्न : आई-बाबांना मुंबईचा फोर्ट परिसर पायी दाखवायचा आहे. आम्ही चौघे आहोत. खासगी गाईड परवडेल का, की गटाबरोबर जावे?

उत्तर : खासगीच घ्या. गटाच्या फेरीत माणशी पैसे मोजावे लागतात, खासगी गाईड मात्र बहुधा पूर्ण फेरीचे एकच मानधन घेतो. चौघांत वाटल्यावर फरक बराच कमी होतो. शिवाय वयस्कर माणसांना गटाचा वेग झेपत नाही, मध्येच बसावेसे वाटते. माहिती फोनवरही मिळते, मग गाईड कशाला, असे कुणी म्हणेल. १८८८ मध्ये पूर्ण झालेले आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस फोनवर वाचता येते हे खरे. पण फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान, हे गर्दीत थांबवून दाखवणारे कुणीतरी लागते. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक हायकोर्ट, समोर आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. मधल्या पन्नास-साठ वर्षांत शहर कसे बदलले, हे उलगडणे चांगल्या गाईडचे काम. (पाठ केलेल्या सनावळ्या ऐकवणारेही भेटतात, म्हणून आधी पाच मिनिटे फोनवर बोलाच.) पर्यटन खात्याचे ओळखपत्र आहे का, कोणत्या इमारतींत खरोखर आत जाता येते, पाऊस आला तर पैशांचे काय, हे लेखी विचारा. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात, पण कार्यालये बंद. आगाऊ पूर्ण रक्कम मागणाऱ्याला नकार द्या.